बत्तीस इंची मोहरी

उद्या सकाळी दादा ठेवणीतला शर्ट घालेल, दोन बस बदलून प्रदर्शनाला जाईल आणि भिंतीवर आपलं नाव शोधेल. दुपारपासून हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता. त्या नादात भाजी करपली, नवऱ्यावर उगाच खेकसून झालं.

नाव भिंतीवर नव्हतंच. तिच्या लेकीनंच ते प्रदर्शन मांडलं होतं, सत्तरच्या दशकातल्या कपड्यांचं. दुपारी मोठ्या कौतुकानं तिनं पाटीचा फोटो पाठवला होता: ‘बेलबॉटम. परदेशी गायक आणि पडद्यावरचे नायक यांच्या प्रभावातून आलेली फॅशन. स्थानिक शिंप्यांनी केलेली नक्कल.’

नक्कल! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादा, तिचा थोरला भाऊ, तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा, एका शिंप्याच्या दुकानात कामाला. फॅशनची मासिकं कोण आणणार? नवा सिनेमा लागला की तो सगळ्यात स्वस्त तिकीट काढायचा, अगदी पुढच्या रांगेतलं, आणि मान मोडेस्तोवर वर बघत अंधारातच कागदावर रेघोट्या ओढायचा. तिथून नायकाचं डोकं लिंबाएवढं दिसायचं आणि पाय हत्तीएवढे. दादानं डोळ्यांवर विश्वास ठेवला. पँटच्या पायाचा खालचा घेर, म्हणजे मोहरी, बाकीचे शिंपी चोवीस-सव्वीस इंच ठेवत. यानं ठेवली बत्तीस. कापड पुरेना, म्हणून बाहेरच्या शिवणीत वेगळ्या रंगाची त्रिकोणी कळी घातली.

“पँट शिवलीस की तंबू?” मालक ओरडला होता.

पण तो तंबू घालून सायकल दुकानवाला एका लग्नात मिरवला आणि महिनाभरात गावातल्या प्रत्येक तरण्या पायाला कळी लागली. पँट साखळीत अडकून लोक धडाधड पडायचे, मग कपडे वाळत घालायचे चिमटे मोहरीला लावून सायकल चालवायचे. झाडूवाली म्हणायची, “चालू द्या यांना असंच, माझा अर्धा रस्ता झाडून होतोय!” दादाचं नावच पडलं, बत्तीस.

पुढे कुणीतरी फुकट दिलेल्या तिकिटावर दादा पहिल्यांदा बाल्कनीत बसला. घरी आला तो कपाळाला हात लावून. “अगं, नायकाची पँट साधीच आहे की! मी अख्ख्या गावाला पुढच्या रांगेतून कपडे शिवले!” मालकानं बजावलं, “गप्प बस. चूक चाललीय ना, चालू दे.” नंतर अरुंद पँटी आल्या, तेव्हा त्याच दादानं दोन वर्षं स्वतःच घातलेल्या कळ्या उसवून काढल्या.

आणि आता म्हणे नक्कल. तिनं लेकीला फोन लावला होता.

“कुठल्या नायकानं बत्तीस इंच घातली होती गं? दाखव मला!”

“आई, पाट्या छापून झाल्यात. उद्या सकाळी उद्घाटन आहे.”

“आणि मामाचे कापड बेतायचे पुठ्ठ्याचे साचे? दोन दिवसांत देते म्हणून नेलेस, वर्ष होत आलं. तेही मांडलेस ना काचेत?”

“हो, पण… मामाला एवढं बारीक वाचता तरी येणारे का?”

“सुईत दोरा ओवतो तो अजून! तुझी पाटी वाचायला त्याला तुझी गरज नाही.”

लेक म्हणाली, “तू कशाला एवढी चिडतेस? कॉलेजात तीच पँट घालून जायचीस, मैत्रिणींनी विचारलं तर ‘मोठ्या शहरातून मागवली’ म्हणायचीस. मला हसत हसत सांगितलंस तूच. तेव्हा कुठे होतं मामाचं नाव?”

“आईला शिकवू नकोस,” एवढं बोलून तिनं फोन आपटला.

स्वयंपाकघरात येऊन ती करपलेली कढई घासत बसली. कढई निघेना. राग अर्धा लेकीवरचा होता, अर्धा स्वतःवरचा, आणि दोन्ही घासून जाणारे नव्हते. शिंप्याची बहीण म्हणवून घ्यायची लाज वाटली होती तिला. दादानं मात्र कधी विचारलं नव्हतं की तुझ्या मैत्रिणी कधी माप द्यायला का येत नाहीत.

लेक पाटी बदलणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. पण चार परक्या माणसांत ती पाटी वाचताना दादाचा चेहरा कसा होईल, तेही तिला कळत होतं. पाटीही सांगायची आणि ती कॉलेजातली थापही; भडकायचंच असेल तर त्यानं आधी भडकावं, घरातल्या घरात, आणि लेकीच्या आधी आपल्यावर. मग जायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं. गेलाच, तर ती बरोबर जाईल आणि पाटीसमोर उभी राहून, कुणी ऐको न ऐको, बत्तीस इंच कुठून आले ते मोठ्यानं सांगेल.

तिनं कढई तशीच टाकली, पदराला हात पुसले आणि दादाचा नंबर लावला.