नारिंगी म्हणजे बोका

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळेच आत्या म्हणत. मालकही म्हणत, आणि मालक तिच्याहून वीस वर्षांनी मोठे होते. खरं तर ती एकाच मुलीची आत्या, पण शिलाईच्या टेबलावर बसून दिवसभर सगळ्यांना दटावणाऱ्या बाईला काहीतरी नातं चिकटवावंच लागतं. सोळाव्या वर्षी ती तिथे सुई घेऊन बसली, ती चोपन्न वर्षांनी उठली. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालून फर्मे व्हायचे, ते ओळीने रचले जायचे आणि आत्या ते एकमेकांना शिवायची. तिची शिलाई सुटली म्हणून एकही पुस्तक कधी परत आलं नाही. हे ती स्वतःच सांगायची, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगतेय अशा थाटात.

पण गल्लीत तिचं नाव झालं ते मांजरांमुळे.

पुस्तकाच्या पाठीला लावतात ती खळ पिठाची असते, आणि उंदरांना आणखी काय हवं? आत्या कामाला लागली त्याच वर्षी वह्यांची अख्खी थप्पी पाठीकडून कुरतडलेली निघाली. मालकांनी डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी आत्या टोपलीत घालून एक मांजर घेऊन आली. काळा, नारिंगी, पांढरा असे तीन रंग अंगभर सांडलेले. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला रंगांच्या लाटालाटांचा जो कागद चिकटवतात, त्याला अबरी म्हणतात. मांजर हुबेहूब तशीच, म्हणून तिचं नाव अबरी पडलं. पुढे तिच्या लेकीचंही अबरी आणि नातीचंही अबरी. नवी नावं शोधायला वेळ कुणाला होता?

मालकांची अट एकच होती. "भाटी चालेल. बोका मला दारात नको." पूर्वी एका बोक्याने कोऱ्या कागदाच्या गठ्ठ्यावर मुतून आपली हद्द आखून ठेवली होती, आणि तो वास बांधलेल्या पुस्तकांतून गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत पोचला होता. त्यामुळे पिल्लं झाली की बोके कुठले आणि भाट्या कुठल्या हे बघून बोके वाटून टाकायचे, हे काम आत्याच्या गळ्यात पडलं. आधी ती रीतसर शेपट्या वर करून बघायची. मग दोन-चार विणी झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की तीन रंगांचं पिल्लू दर वेळी भाटीच निघतं आणि नारिंगी दर वेळी बोका. काळ्यांचा मात्र काही नेम नसायचा.

झालं. तेव्हापासून आत्या लांबूनच निकाल द्यायला लागली. गल्लीतली माणसं पिशवीतून, फडक्यातून पिल्लं घेऊन दारात उभी राहायची.

"आत्या, सांगा."

"तीन रंग ना? भाटी आहे, ठेवून घ्या."

"आणि हे?"

"नारिंगी म्हणजे बोका. विचारायचं काय त्यात?"

"आणि हे काळं?"

"आण इकडे. काळ्याचं शेपटी वर केल्याशिवाय देवालाही कळत नाही."

लोक तोंडात बोट घालायचे. कटिंग मशीनवरचे दादा तर पैजा लावून चहा कमवायचे. बावीस वर्षांत आत्या एकदाही चुकली नाही, आणि तिथेच घोळ झाला. तिने बघणंच सोडून दिलं होतं.

तेविसाव्या वर्षी तिच्या भावाची बायको गेली. भावाची नोकरी लांबची, तो तरी काय करणार? त्याने आपली आठ वर्षांची मुलगी बहिणीकडे आणून सोडली. पोरगी आली ती आईच्या स्वेटरचं एक बटण मुठीत घट्ट धरून, म्हणून कारखान्यात तिचं नाव गुंडी पडलं. शाळा सुटली की ती शिलाईच्या टेबलाखाली येऊन बसायची. बोलायची नाही, हसायची नाही. आत्या वर शिवत असायची आणि खाली पायाशी पोरीचा श्वास ऐकत असायची. लेकरू कसं बोलतं करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच साली अबरी कटिंग मशीनशेजारच्या कातरणीच्या पिंपात व्याली. ही त्या घराण्यातली चौथी अबरी, वयाने बरीच थकलेली. पिल्लं तीनच. एक काळं, दोन नारिंगी. त्यातल्या एका नारिंगी पिल्लाच्या शेपटीचं टोक पांढरं होतं. ते पिल्लू गुंडीच्या फ्रॉकला लोंबकळलं आणि टेबलाखालून हसू ऐकू आलं. आत्याचा हात तसाच थांबला. घरी आल्यापासून पोरगी पहिल्यांदा हसली होती.

"आत्या, हिला ठेवायचं?"

"भाटी असली तर ठेवू."

"नक्की?"

"शब्द दिला."

पिल्लं दोन महिन्यांची झाली तशी आत्याने ती टेबलावर मांडली. काळ्याची शेपटी वर केली. बोका. मग नारिंगी जोडीकडे नुसतं बघून म्हणाली, "हे दोघेही बोके. द्या वाटून."

"शेपटी वर करून बघ ना," गुंडी म्हणाली.

दादा हसले, खळ ढवळणारा हसला. "घ्या! आज आत्यांची परीक्षा!"

आत्याचं नाक लाल झालं. "नारिंगी म्हणजे बोका. मला शिकवतेस?"

त्या दुपारी पांढऱ्या टोकाचं पिल्लू दोन गल्ल्या पलीकडच्या खोकेवाल्याकडे गेलं. गुंडी रडली नाही. टेबलाखाली जाऊन बटण दातात धरून बसली.

काही महिन्यांनी अबरी म्हातारपणाने गेली. मागे तिची एकही लेक ठेवलेली नव्हती, त्यामुळे कारखान्यातलं तिचं घराणं तिथेच संपलं. पुढे मांजरं आली, पण ती नुसती मांजरं होती.

वर्षभराने खोकेवाला रिकामी खोकी पोचवायला आला आणि दारातूनच ओरडला, "अहो आत्या, तुमच्या बोक्याला चार पिल्लं झाली!"

सुदैवाने सगळे जेवायला गेले होते. आत्या सुई टाकून दाराशी धावली. "हळू बोला," ती म्हणाली. "आणि हे कुणाला सांगू नका. माझ्या पोरीला तर मुळीच नाही." संध्याकाळी आपणच गुंडीला सांगायचं असं तिने ठरवलं. संध्याकाळी गुंडी पाढे म्हणत होती. मग उद्यावर गेलं, मग परीक्षा झाल्यावर, आणि एकदा राहिलं ते राहिलंच.

गुरांचे एक डॉक्टर आपली मासिकं दर वर्षी बांधायला टाकायचे. त्यांना आत्याने एकदा आडून विचारलं. ओळखीच्या एका बाईंचं असं असं झालं म्हणाली. डॉक्टरांनी टेबलावरचे दोरे उचलले, काळे आणि नारिंगी.

"असं समजा, की हा रंग पिल्लाला दोऱ्यावरून मिळतो. भाटीला दोन दोरे, एक आईकडून, एक बापाकडून. बोक्याला एकच, तोही आईचा. भाटीचे दोन दोरे वेगळ्या रंगांचे आले, की अंगावर दोन्ही उमटतात. बोका मात्र एक तर काळा, नाही तर नारिंगी. म्हणून तीन रंगांचं मांजर भाटीच, हजारांत एखादा अपवाद सोडला तर. पांढऱ्याची गोष्ट वेगळी, तो दोघांनाही येतो."

"मग नारिंगी भाटी?"

"बाप काळा असेल तर होणारच नाही. पण बाप नारिंगी असला आणि आईनेही नारिंगी दोरा दिला, तर लेक अख्खी नारिंगी. तुमच्या त्या बाईंचा नियम चुकला नव्हता हो. त्यांच्या गल्लीतला बोका बदलला असणार."

आत्याला समोरच्या भिंतीवर पसरून बसणारा तो दांडगा नारिंगी बोका आठवला. त्याच साली कुठूनसा आला होता. तिनेच त्याला झाडू फेकून मारला होता.

"पण बघितलं असतं, तर कळलं असतं ना?"

"बघितलं असतं तर काय, लगेच कळलं असतं."

त्या दिवशी तिच्या हातून दोरा दोनदा तुटला.

अशी वर्षं गेली. गुंडी शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. मालक गेले, त्यांच्या मुलाने मशीन विकायला काढलं. शेवटच्या दिवशी आत्याला न्यायला गुंडीच आली. चाळिशीची बाई, डोळ्यांवर चष्मा. दोघींनी मिळून सुया, मेण, घड्या दाबायची हाडाची पट्टी असं सगळं पिशवीत भरलं. खोली इतकी मोठी आहे हे आत्याला त्या दिवशी पहिल्यांदाच दिसलं. खळीचा आंबूस वास तेवढा होता तसाच होता. त्या वासाने तिला रडू यायला लागलं म्हणून ती उगाच दादांच्या नावाने खडे फोडत राहिली. दादा जाऊन सात वर्षं झाली होती.

"आत्या, हे बघ," गुंडी म्हणाली.

कातरणीच्या पिंपात एक पिल्लू होतं. नारिंगी. आई कुठे दिसत नव्हती, आणि पिंप उद्या भंगारात जायचं होतं.

"बो..." आत्याच्या तोंडून निघालं आणि ती थांबली. खाली बाकावर बसली. "गुंडे, तुला एक सांगायचंय. ते पांढऱ्या टोकाचं..."

"भाटी होती."

"तुला माहीत होतं?"

"मी रोज शाळेतून येताना खोकेवाले काकांकडे जायचे. पिल्लं झाली तेव्हा तिथेच होते. तू सांगू नका म्हणालीस, तेही त्यांनी मला सांगितलं."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? भांडायचंस, ओरडायचंस माझ्यावर!"

गुंडीने पिल्लाच्या अंगावरचे कागदाचे कपटे काढले. "सगळे तुला हसले असते. मला तेव्हा तूच एक होतीस. तुला कुणी हसलेलं मला नको होतं."

आत्याला हुंदका आवरला नाही. "शब्द दिला होता गं मी तुला. नुसती शेपटी तर वर करायची होती."

मग आत्याने पदराने डोळे पुसले, गुंडीच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर ठेवला आणि पिल्लू खिडकीशी उजेडात धरलं. शेपटी वर केली. निरखून बघितलं. परत एकदा बघितलं.

"बोकाच आहे मेला."

गुंडी हसायला लागली. पूर्वी टेबलाखालून ऐकू आलं होतं, तसंच हसली.

"मग आता? बोका नाही ना चालत आपल्याला?"

आत्याने पिशवीतल्या सुया बाजूला सारल्या, दोऱ्यांच्या रिळांवर जागा केली आणि पिल्लू आत ठेवलं.

"चल घरी," ती म्हणाली. "आता माझे कुठले कागद नासवणार आहे तो."