भागवत सरांची बंदरं

कॉलेजचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. त्याच्या नोंदींमध्ये सकाळपासून एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटते आहे : भागवत सर, ओळख पटली नाही.

सर भूगोल शिकवायचे, मलाही त्यांनीच शिकवला. मार्चअखेर ते निवृत्त झाले. निवृत्तांची खाती बंद करा, असा ऑफिसातून कागद आला आणि मी त्यांचं खातं बंद केलं. त्यांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, धीर झाला नाही.

सरांना वाटतं, मेलच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या ज्या दाराचा नंबर भरायचा असतो, तो पोर्टचा नंबर चुकतोय. "पोर्ट म्हणजे बंदरच ना रे?" सकाळी त्यांनी फोनवर विचारलं. "मग एका बंदरात घेत नसतील तर दुसऱ्यात जाऊन बघतो." तेव्हापासून ते फिरताहेत. आधी पाचशे सत्याऐंशी, मग चारशे पासष्ट, आता पंचवीस.

पत्र कुणाला आहे, हे सर्व्हर विचारतही नाही. आधी तुम्ही कोण ते सांगा, म्हणतो. उद्या कॉलेजच्या गेटवरचा नवा वॉचमनही सरांना हेच विचारेल. आणि इतकी वर्षं त्यांच्याकडे या प्रश्नाचं एकच उत्तर होतं, तेच मी पुसलंय.

दुपारी पुन्हा त्यांचा फोन आला. "अरे, पासवर्ड बरोबर आहे. त्याला सांग की, मी तुमच्यातलाच आहे म्हणून."

"बघतो, सर."

फोन ठेवला, तर स्क्रीनवर नवी ओळ आली होती. पाचशे सत्याऐंशी. सगळा किनारा फिरून सर पहिल्या बंदरावर परत आले होते.