एकाच जागी झिजलेली पट्टी

राइस मिलच्या आवारात, सगळ्या हमालांसमोर, मालकानं माझ्या वडिलांच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि म्हटलं, "हा सकाळीच दारू टाकून येते." आरमोरी लहान गाव. बाबा घरी पोचायच्या आधी ते वाक्य आमच्या दारात येऊन उभं होतं.

त्या दिवशी बाबा मालकाला घेऊन नागभीडला निघाले होते. ब्रह्मपुरीच्या पुढे सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडीनं एकदम दम सोडला आणि लगेच झटका देऊन पुढे उसळली. असं दोन-तीनदा झालं. मागे बसलेल्या मालकाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. गाडी बरेच दिवस असं करत होती आणि बाबा ते सांगतही होते. मालकानं ती मिस्त्रीकडे पाठवली होती. मिस्त्रीनं प्लग बदलले, फिल्टर बदललं, स्कॅनर लावून पाहिला. स्कॅनरवर काहीच दोष आला नाही. मग बाजारातून एक चक्कर मारून त्यानं गाडी परत केली आणि सांगितलं की गाडी चांगली आहे, चालवणाऱ्याचा पाय पाहा. बाकीचं मालकानं स्वतःच जुळवलं.

आमचं घर बौद्ध. आजोबा दारूतच गेले, म्हणून बाबांनी दारूला कधी हात लावला नाही. रविवारी विहारात पुढे बसून तेच वंदना सांगत आणि बाकीचे त्यांच्यामागून म्हणत. त्या रविवारी ते मागे, चपला काढतात तिथे बसले. वंदना दुसऱ्याच कुणीतरी सांगितली. नोकरी गेल्याचं दुःख त्यांना होतं, पण त्याबद्दल ते बोलत नव्हते. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत: ज्यानं म्हटलं, त्यानं ते तिथेच, त्याच लोकांसमोर परत घ्यावं.

आणि एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहिते. किल्ली गेली त्या दिवशी आईनं बाबांना पाणी दिलं आणि तोंडाचा वास यावा इतकी जवळ उभी राहिली. बाबांना ते कळलं. तांब्या ओट्यावर ठेवून ते मागच्या अंगणात निघून गेले. आई नंतर माझ्यावरच खेकसली.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, भौतिकशास्त्र घेऊन. ड्युटीवर जायच्या आधी बाबा मला सायकलवर बसस्टँडपर्यंत सोडत. मिलच्या गाडीत मी एकदाही बसले नाही. तशी परवानगी नव्हती, आणि बाबांनी कधी चोरून बसवलंही नाही. आज मी एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते, ती त्या सायकलच्या जोरावर.

त्या मालकाचा राग मला आधीपासूनच होता. तो बाबांपेक्षा वयानं लहान, पण "ए, तू" याशिवाय त्यानं बाबांना कधी हाक मारली नाही. सगळे हमाल त्यांना भाऊ म्हणत. बाबांच्या चहाचा स्टीलचा पेला मिलमध्ये वेगळा असे, खिडकीच्या गजाजवळ उलटा घातलेला. बाबा तो स्वतः धुऊन परत उलटा घालत. मी एकदा त्यावरून बोलले तेव्हा त्यांनी विषय बदलला. म्हणजे पुढे मी गाडी तपासायला मिलमध्ये गेले ती काही गाडीवरच्या प्रेमानं नाही.

गाडीचं यंत्र मला काहीच माहीत नव्हतं. मी बाबांना विचारलं, झटका नेमका कधी बसतो? त्यांनी थोडा विचार केला.

"पाय एका जागी धरला का बसते. दाबत गेलो तं नाई, सोडत गेलो तं नाई. पन्नासवर धरून ठेवली का गाडीले उचकी लागते."

पन्नास हा मालकाचाच हुकूम होता. रस्त्यात रानडुकरं, चितळ आडवी येतात हे एक कारण, आणि पेट्रोल हे खरं कारण. पन्नासच्या वर काटा गेला की तो मागून खांद्यावर बोट टोचायचा. वर्षानुवर्षं बाबांचा पाय पेडलवर एकाच जागी स्थिर राहिला होता.

मी मोबाइलवर त्या जातीच्या गाड्यांच्या आकृत्या शोधल्या. पेडल दाबलं की इंजिनात हवा सोडणारी एक झडप उघडते. ती किती उघडली याची खबर गाडीच्या कॉम्प्युटरला देणारा एक लहानसा सेन्सर झडपेच्या बाजूला बसवलेला असतो. त्याच्या आतली आकृती पाहिली आणि मला हसू आलं. एक कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा एक संपर्क, बस. वीज कमीजास्त करायला आमच्या प्रयोगशाळेत जो रिओस्टॅट असतो, त्याचा धाकटा भाऊच. विद्यार्थी रिओस्टॅटचा सरकता खटका नेहमी मधल्याच भागात पुढेमागे करतात, त्यामुळे मधली तार घासून जाते आणि तिथे आला की काटा उड्या मारतो. हे मी रोज पाहते. पट्टी पन्नासच्या जागी झिजली असेल, तर तिथे क्षणभर खबर तुटणार आणि कॉम्प्युटरला वाटणार की पेडल सोडलं. स्कॅनरला तो क्षण सापडला नसावा. आणि बाजारातल्या गर्दीत मिस्त्रीचा पाय त्या जागेवर थांबलाच कुठे असेल?

विभागप्रमुखांना विचारून मी प्रयोगशाळेतलं काट्याचं जुनं व्होल्टमीटर घेतलं. आकडे दाखवणाऱ्या मीटरवर इतकी क्षणभराची घसरण निसटते. काटा मात्र लपवत नाही.

मिल चालू असताना आम्ही दोघं गेलो. मालक ऑफिससमोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. मी म्हटलं, गाडी तपासायची आहे. त्यानं आधी माझ्या हातातलं मीटर पाहिलं, मग बाबांना पाहिलं.

"काऊन बे, वकील आणली काय?"

हमाल हसले. मालकाला ते आवडलं असावं, कारण त्यानं समोरच्या गॅरेजमधून मिस्त्रीलाही बोलावून घेतलं. म्हणाला, पोरीची डिग्री पाहू. फक्त बाबांनी गाडीत बसायचं नाही. बसून ते काहीतरी करतील असा त्याला संशय होता.

"मग तुम्हीच बसा," मी म्हटलं. "पाय तुमचाच पाहिजे मला."

तो बसला. मी बॉनेट उघडलं. सेन्सरला तीन तारा होत्या. एक पाच व्होल्ट आणणारी, एक अर्थिंगची, आणि तिसरी खबर नेणारी. मीटर लावून मी ती तिसरी शोधली आणि तारांच्या जोडाच्या मागच्या बाजूनं साडीची पिन आत सरकवली. मिस्त्री डोक्यावर उभा राहून बडबडत होता, वायर जाळशीन, कॉम्प्युटर उडन, भरून कोण देईल? मी पिन आणखी थोडी आत ढकलली.

इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवायला सांगितली. काटा अर्ध्या व्होल्टजवळ येऊन थांबला. मग मालकाला सांगितलं की पेडल अगदी हळू दाबत जा. काटा शांतपणे वर चढू लागला, आणि थोडं वर गेल्यावर धाडकन खाली पडून परत जागेवर आला. पुढे शेवटपर्यंत नीट चढला. मी परत दाबायला सांगितलं. परत त्याच जागी पडला.

"पडला," माझ्या मागे उभा असलेला एक हमाल म्हणाला. पुढच्या वेळी दोघे म्हणाले. मालकाला आतून काटा दिसत नव्हता. तो पेडल दाबायचा आणि बाहेरून लोक म्हणायचे, पडला. शेवटी तो वैतागून उतरला. मिस्त्रीनं स्वतः आत बसून पाहिलं, बाहेर येऊन पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सेन्सर गेला शेठ. आतून घासला."

आता मालक काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. बोलला.

"घासला कोणं? मीनं घासला? ह्याच्याच पायानं घासला ना? मंग नुकसान तं ह्यानंच केलं."

मिस्त्रीनं मान डोलावली. मी पन्नासच्या हुकुमाबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण बाबांनी हातानं मला थांबवलं. इतका वेळ ते गाडीपासून लांब, भुशाच्या ढिगाजवळ उभे होते. तिथूनच बोलले.

"माझ्याच पायानं घासला, मालक. एकाच जागी घासला. पेलेल्या माणसाचा पाय एका जागी राह्यते काय?"

एका हमालानं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं. मालकाचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यानं गाडीतून किल्ली काढून बाबांकडे फेकल्यासारखी पुढे केली. सेन्सर बसवून घे म्हणाला, आणि उद्या सकाळी ये.

"आधी म्हणा," बाबा म्हणाले.

"काय म्हणू?"

"इथीच म्हटलं होतं, इथीच म्हणा. का हा पेत नाई."

"ड्रायव्हरची माफी मागू मी?"

बाबांनी किल्ली घेतली नाही. वळले आणि गेटच्या बाहेर गेले. मी पिन काढत होते, मीटरच्या वायरी गुंडाळत होते, तेवढ्यात मालक माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "लय शिकवलं ना तुले त्यानं? आता तूच पोस त्याले."

"पोसीन," मी म्हटलं.

मला ते उत्तर फार चांगलं वाटलं होतं. रस्त्यात मी ते बाबांना सांगितलं, तर ते भर रस्त्यात थांबले.

"मी का लुळा झालो? तू कोण पोसणारी मले?"

घरापर्यंत ते माझ्या चार पावलं पुढे चालले.

मालकानं ते वाक्य आजवर परत घेतलेलं नाही. त्याची गाडी नवा सेन्सर घालून, दुसरा ड्रायव्हर घेऊन चालते. बाबांना काही दिवसांनी मासळीच्या एका व्यापाऱ्यानं गाडी चालवायला बोलावलं. मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावांतून तो मासे आणतो. त्याच्याही कानावर दारूची गोष्ट गेलेली होती आणि त्यानं ती तोंडावर विचारली. बाबांनी सांगितलं, होय, तसं म्हटलं गेलं आहे, तुम्ही सोबत बसा आणि पाहा. तो खरंच बसला.

त्या फेरीहून बाबा परत आले ते चिडलेलेच. आई वाढत होती, मी विचारलं, काय झालं.

"काय होईल? जाताना पूर्ण रस्ता माझ्या पायाकडंच पाहून राह्यला होता." मग भात कालवत म्हणाले, "येताना चामोर्शीपासून घोरत होता."