रईस साहेबांच्या घरची मिठाई

काबूलमध्ये वासे साहेब दीड वर्ष कुठल्याशा खात्याचे रईस, म्हणजे प्रमुख होते. ड्युसेलडॉर्फमध्ये येऊन इतका काळ लोटला, तरी ते त्या दीड वर्षावरच जगत होते. खरं म्हणजे बायकोच्या, माहगुलच्या पगारावर. ती किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायची. सरकारी जॉबसेंटरने सुचवलेलं प्रत्येक काम साहेबांच्या इभ्रतीला तोकडं पडायचं. कोट मात्र रोज इस्त्रीचा लागे, आणि इस्त्रीला बायको.

त्या शनिवारी दुपारी अफगाण मंडळात साहेबांनी भाषण ठोकलं. "तिकडे आपल्या मुलींच्या शाळा बंद केल्या! मुलींना शिकू द्या!" डोळ्यांना रुमालही लावला. मागे बायकांत बसलेल्या माहगुलला जांभई आवरेना.

परतताना ट्राममध्ये साहेब म्हणाले, "आज मंडळात आलेले हॅम्बुर्गचे वकील साहेब संध्याकाळी घरी येतायत, मुलासाठी हुस्नाला मागायला. मी शब्द दिलाय. मिठाई काढून ठेव."

त्यांच्यात मुलीकडच्यांनी मिठाईचं ताट हाती दिलं, की होकार झाला. आपला साखरपुडाच म्हणा ना. मग माघार नाही.

"हुस्नाला विचारलंत? अजून तिची आउसबिल्डुंग व्हायचीय." त्यांची मुलगी हुस्ना दाताच्या दवाखान्यात काम शिकत होती.

"त्यांच्याकडे सुना बाहेर काम करत नाहीत."

"मग दुपारचं भाषण?"

"ते तिकडच्या मुलींबद्दल होतं!"



घरी हुस्नाने चहाचं आधण ठेवता ठेवता एवढंच विचारलं, "आई, ताट देणार तू?" माहगुलने वेलदोडे कुटले आणि तिला आतच थांबायला सांगितलं.

पाहुणे आले. वकील साहेब सोफ्यात रुतून म्हणाले, "रईस साहेब, काय बोललात आज! रडवलंत." साहेब फुलले. "अहो, मुलीच्या आई, पाहुण्यांचं तोंड गोड करा!" परपुरुषांपुढे बायकोचं नाव घेणं इभ्रतीत बसत नव्हतं ना.

माहगुल चहा आणि खारे पिस्ते घेऊन आली. वकिलीणबाईंनी मान उंचावून तिच्या मागे पाहिलं.

"बहीणबाई, मिठाई?"

"मिठाई नाही. हुस्ना शिकतेय अजून. मुलींना शिकू द्या, असं यांनीच दुपारी सगळ्यांना सांगितलं. यांच्या शब्दाबाहेर आम्ही कशा जाणार?"

वकील साहेबांनी पेला तसाच खाली ठेवला आणि पाहुणे उठले. जिन्यात बाईंचा आवाज घुमला, "बाहेर सिंह आणि घरात मांजर!"

साहेब ताडकन उभे राहिले. "माझी इज्जत घालवलीस! आता मंडळात तोंड कसं दाखवू?"

"दाखवता तसंच."

हुस्ना आतून आली, आईला चिकटून बसली आणि पिस्ते सोलायला लागली. साहेब काबूलपासून हॅम्बुर्गपर्यंत सगळ्यांचा उद्धार करून झाल्यावर दमले, खुर्चीत बसले.

"जेवायला काय केलंयस?" त्यांनी विचारलं.