दोघांचा खोकला

माझ्या मामाची लाकडाची वखार होती आणि मामाच्या तोंडाला कुलूप नव्हतं. गिऱ्हाईक दाराची चौकट घ्यायला यायचं आणि तासाभराने चौकट, एक स्टूल आणि मामाची चार मतं घेऊन परत जायचं. शाळेची सगळी वर्षं मी त्याच्याकडे राहून काढली. वखारीच्या मागे दोन खोल्या, त्यात आम्ही तिघं आणि सगळीकडे भुसा. अंथरुणात भुसा, दप्तरात भुसा, मामीच्या वेणीत भुसा. आजही कुठे ओलं लाकूड कापल्याचा वास आला की माझे पाय आपोआप थांबतात.

मोठे ओंडके मामा दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापायचा. तिचं दुसरं टोक धरायला माणूस टिकत नसे. मामाच्या बडबडीने त्याचं डोकं उठायचं. शेवटी मामीनेच पदर खोचला. त्या करवतीचा नियम साधा. एकाने ओढलं की दुसऱ्याने हात सैल सोडायचा. दोघांनी एकदम जोर लावला तर पातं अडकतं. एरवी मामामामींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मीठ जास्त की कमी, खिडकी उघडी की बंद, कशावर एकमत म्हणून नाही. पण करवत हातात आली की भांडण चालूच आणि काप मात्र सरळ. मी अभ्यासाच्या नावाखाली पायरीवर बसून ते बघत राहायचे. तेवढं सुख मला पुढे कुठल्याच घरात मिळालं नाही, माझ्या स्वतःच्याही नाही.

मी नोकरीसाठी दुसरीकडे राहत होते, तेव्हा मामा फळ्यांच्या थप्पीवरून मानेवर पडला. मणक्याला मार बसला. हात थोडे हलायचे, बोटं नाहीत, आणि छातीपासून खाली सगळं निकामी. दवाखान्यात गळ्याला भोक पाडून नळी घातली होती आणि श्वास यंत्र देत होतं. नळी होती तोवर मामाच्या तोंडून शब्द फुटला नाही. मामी माझा हात धरून म्हणाली, "जन्मभर सांगत आले, जरा गप्प बसा म्हणून. आता ही शांतता मेली खायला उठते."

हळूहळू यंत्र सुटलं, भोक बुजलं, मामा घरी आला. आवाजही आला, पण तीन शब्दांत दम संपायचा. डॉक्टरांनी नीट समजावलं. छाती-पोटाचे स्नायू गेले आहेत, आतला एक पडदा तेवढा श्वास ओढतोय. श्वास आत जाईल, पण खोकायला जोर नाही. कफ साचला तर न्यूमोनिया होईल, पुन्हा नळी घालावी लागेल, आणि या वेळी ती निघेलच असं सांगता येत नाही.

"नळी... नको," मामा म्हणाला. "त्यापेक्षा... मेलेलं बरं."

भेटायला येणाऱ्यांनी तर नाकी नऊ आणले. मामाला धाप लागलेली दिसली की जो तो उशा घेऊन त्याला बसवायला धावे. आपल्याला बसल्यावर बरं वाटतं, मामाचं उलटं होतं. बसवलं की सैल पोट पुढे पडायचं, आतला पडदा खाली जायचा आणि होता तोही दम जायचा. आडवं निजवलं की जरा श्वास भरायचा. खुर्चीत बसवायचंच तर पोटाला रुंद पट्टा आवळावा लागे. शेवटी मामी दारातच सांगायला लागली, "या, चहा घ्या, पण यांना उठवायचं नाही."

मग हवा बदलली आणि मामाला सर्दी झाली. मी रजा टाकून आले. त्याच्या छातीतली खरखर दारापर्यंत ऐकू येत होती. फिजिओथेरपिस्टबाई रोज सकाळी यायच्या. मामा त्यांना मास्तरीणबाई म्हणायचा. त्यांनी मामीला शिकवलं होतं, बरगड्यांच्या खाली आणि बेंबीच्या वर तळहात ठेवायचे, आणि मामा खोकला की त्याच क्षणी आत आणि वर दाबायचं. मामी दाबून दाबून घामाघूम झाली, पण कफ जागचा हलेना. बोटाला लावायच्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा उतरायला लागला होता. बाईंनी स्वतः दाबलं तेव्हा थोडा कफ आला. पण दिवसातून दहा वेळा त्या कुठून येणार?

"आत्ता तुम्हाला जमलं तर ठीक," त्या मामीला म्हणाल्या. "नाहीतर सरळ दवाखान्यात हलवू. घरी थांबण्यात अर्थ नाही."

"माझ्या हातात जोरच नाही हो."

"जोर भरपूर आहे. पण ते खोकतात तेव्हाच तुम्ही हात सैल सोडता."

"काहीतरीच काय! मी कशाला सोडीन?"

पुन्हा करून बघितलं. या वेळी मीही नीट बघत होते. मामा खोकला आणि मामीचे हात खरंच सैल पडले. तो थांबल्यावर मग दाबले.

मामा छताकडे बघत म्हणाला, "ही... करवत... ओढतेय."

मामी स्वतःच्या हातांकडे बघतच राहिली. नवऱ्याने जोर लावला की आपण सोडायचं. अख्खा संसार त्या हातांनी हेच तर केलं होतं. बाईंना काही कळेना, तेव्हा त्यांना करवतीची गोष्ट मी सांगितली.

"मग... ओंडका... उचल," मामा म्हणाला.

ओंडका उचलताना मात्र दोघांना एकदमच जोर लावावा लागे. त्यासाठी "हां!" अशी हाक मामाच द्यायचा. आता हाकेत दम घालवला तर खोकायला काय उरणार? तेव्हा बाई म्हणाल्या, हाक मामींनी द्यावी. मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. वखारीत त्याने कधी कुणाचा हुकूम ऐकला नव्हता.

मामीने तळहात ठेवले. "श्वास घ्या. अजून. अजून थोडा. हां!"

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा आत काहीतरी सरकल्यासारखा आवाज आला. तिसऱ्यांदा कफाचा मोठा गोळा वर आला, मी तो पुसून घेतला आणि खरखर ओसरली. थोड्या वेळाने चिमट्यावरचा आकडाही चढला. माझा जीव भांड्यात पडला. मामी पलंगाच्या कडेला बसून ढसाढसा रडली.

मामाने दम गोळा केला. "केवढ्यांदा... ओरडतेस. बहिरा... नाही मी."

"तुम्हाला हळू सांगून कधी ऐकू आलंय?" मामी डोळे पुसत म्हणाली. मग त्यांचं जे सुरू झालं ते ऐकत मी स्वयंपाकघरात गेले आणि मीही रडून घेतलं.

त्यानंतर मामा बरीच वर्षं जगला. सकाळ-संध्याकाळ मामीची हाक रस्त्यापर्यंत ऐकू जायची. मास्तरीणबाई नव्या रुग्णांच्या घरच्यांना बघायला पाठवायच्या, आणि मामी त्यांना जेवणानंतर लगेच दाबू नका म्हणून दम भरायची. मामा प्रत्येकाला एकेक मत द्यायचा, तेही तीन हप्त्यांत. त्याला पुन्हा नळी लागली नाही.

तो गेला तो एका दुपारी झोपेत, हृदय बंद पडून. भेटायला आलेले एक लांबचे काका मामीला म्हणाले, "सुटला बिचारा. वहिनी, तुम्हीही सुटलात."

मामी एकदम ताठ बसली.

"सुटले म्हणजे? आदल्या दिवशीच डॉक्टर तपासून गेले होते. पुढून ऐकलं, पाठीमागून ऐकलं. एवढासाही कफ नव्हता." तिने एकेकाकडे बघितलं. "विचारा डॉक्टरांना. छाती अगदी स्वच्छ होती त्यांची."