पखवाजाची कणीक

"ताई, तो पखवाजाचा माइक बंद ठेवा," मंडळाचे अध्यक्ष माझ्या मिक्सरवर वाकून म्हणाले.

"काऊन?"

"बाईनं पखवाज वाजवनं आपल्या इकडं चालत नाही. भजन म्हना, टाळ वाजवा, कोनं अडवलं?"

वडनेर भोलजीला महिलांची भजन स्पर्धा होती. बॅनरवर 'महिला' शब्द मोठा होता, फोटो मात्र सगळे मिशांचे. मी साउंड सिस्टीम चालवते. आल्या आल्या याच माणसानं मला "ऑपरेटर कवा येऊन राह्यला?" असं विचारलं होतं, त्यामुळे नवल वाटलं नाही. संताप मात्र आला.

पखवाजावर शोभाबाई होत्या. शेतातून आल्यावर घराचं दार लावून शिकलेल्या. चारचौघांत आज पहिल्यांदाच वाजवणार होत्या. त्यावर अध्यक्षांनी तोडगा काढला. बाईंनी नुसते हात हलवायचे. पडद्यामागे अध्यक्षांचा तिशीतला पुतण्या वाजवेल. त्याचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, वर. बाईंचा खाली. धर्म बुडता बुडता वाचला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापावी लागते, नाहीतर तो घुमत नाही. पुरुषांच्या भजनाची ही कणीक घरातली बाईच मळून देते. तेवढ्यापुरता तिचा हात चालतो.

पुतण्यानं परात पुढे केली. "काकू, जरा मळून द्या."

शोभाबाई आपल्या पखवाजाला कणीक लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाईचा हात लागलेला चालते का तुमाले?"

मग पुतण्यानंच मळली. मळली कसली, भज्यांचं पीठ केलं. पहिल्याच भजनात ती ओघळून त्याच्या मांडीवर आली आणि पखवाज रिकाम्या पिंपासारखा वाजायला लागला. मंडपात हशा पिकला. अध्यक्ष धावत माझ्याकडे आले.

"ताई, काहीतरी करा ना."

केलं. पुतण्याचा फेडर खाली, शोभाबाईंचा वर. त्या नुसते हात हलवत नव्हत्याच, पहिल्यापासून वाजवत होत्या. मंडप घुमला. हसणारे ठेका धरू लागले.

समारोपात अध्यक्ष म्हणाले, "आमी तं महिलांले पहिल्यापासून संधी देऊन राह्यलो." वर टाळ्याही घेतल्या. खाली उतरून शोभाबाईंना हळूच म्हणाले, "पोराले शिकवसान का जरा?"

"पाठवा. आधी कणीक मळायले शिकवतो."

आता कुठल्याही भजनाला गेले की मी पहिल्यांदा विचारते, कणीक कोणी मळली? जिनं मळली, तिचा फेडर वर.