बर्थला बांधलेलं फडकं

सासूबाईंचं ऑपरेशन आम्ही मंगळूरला केलं, ते तिथले डॉक्टर फार नावाजलेले म्हणून नव्हे. मुंबईच्या दवाखान्यात अर्धं पेण भेटतं, म्हणून. त्यांचा एक स्तन काढला, हे फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला ठाऊक. गावात सांगितलं, लेकीकडे गेल्यात. आमचा घरातच गणपतींचा कारखाना, दिवसभर माणसांची ये-जा. सासूबाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसायच्या. "कोणाला कळलं तर मी या घरात पाय नाय ठेवणार," असं त्या एकदाच बोलल्या. आणि त्या बोलल्या की बोलल्या.

जखम दाखवायला पुन्हा जायचं होतं. नवऱ्याला ऐन सीझनमध्ये हलता येईना, म्हणून आम्ही दोघीच निघालो. पनवेलला ओळखीचं कोणीतरी भेटणारच, म्हणून एसटीनं रोह्याला आलो आणि तिथून रात्रीची गाडी धरली. कोकण रेल्वे सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. स्लीपरचे बाजूचे दोन बर्थ मिळाले, खालचा त्यांचा, वरचा माझा. म्हणजे अख्ख्या डब्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. एसीच्या डब्यात पडदे असतात. स्लीपरमधल्या बाईला अंगच नसतं, असा रेल्वेचा समज असावा.

माणगाव गेलं आणि ड्रेसिंग भिजलं. ओल ब्लाऊजपर्यंत आली. संडासात नेलं, तर पायाखाली पाणी, हात टेकायला जागा नाही आणि गाडी हेलकावे खातेय. जखमेला घाण लागली तर पुन्हा फाडावं लागेल, असं नर्सनं बजावलं होतं. सासूबाई रडायला लागल्या. मीही रडले असते, पण माझे हात कापसानं भरलेले होते.

त्यांना परत जागेवर आणलं. पिशवीत कारखान्यातलं धुतलेलं मांजरपाट होतं, रंगवलेल्या मूर्तीवर धूळ बसू नये म्हणून टाकतात ते. त्यावरचे सोनेरी रंगाचे डाग काही गेले नव्हते. वरच्या बर्थच्या साखळ्यांना ते सुतळीनं बांधलं, खालची कड खोचली, अगदी मूर्ती झाकतो तसं. माझ्या हाताला दुसरी रीत येतच नव्हती. मग आत बसून त्यांचा ब्लाऊज काढला आणि पट्टी सोडवायला घेतली.

बाहेर कोणीतरी थांबलं. "अरे, हे तर आपल्या पेणचं फडकं! गणपती कुठं निघाला? कोणाचं काम हाय, बघू तरी."

आमच्याकडे हे असंच चालतं. झाकलेली मूर्ती दिसली की पेणचा माणूस कोपरा उचलून डोळ्यांची आखणी बघणारच. कोणी विचारत नाही, कोणी रागावत नाही. मी "नको, बाईमाणूस हाय" म्हणेपर्यंत फडकं वर गेलं होतं.

आमच्या कारखान्याला रंग देणारे दुकानदार होते ते. आमच्या ओटीवर शंभरदा चहा प्यालेले. त्यांच्या हातातून फडकं सुटलं. ते गेले आणि चिपळूणला उतरेपर्यंत दारापाशीच उभे राहिले. त्यांचा काय दोष? तरी मला त्यांचा जीव घ्यावासा वाटत होता. सासूबाई दोन्ही हात छातीवर दाबून बसल्या, आणि ते हात मला सोडवता सोडवेनात. पट्टी तशीच अर्धवट राहिली.

मंगळूरहून परतल्यावर रोह्याच्या स्टँडवर त्या पेणच्या एसटीत चढेचनात. "तू जा गो. मी हितं भावाकडं ऱ्हाते." मी हातापाया पडले. नवरा येऊन लहान मुलासारखा रडला. नाही म्हणजे नाही.

दुकानदारांनी कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मी कितीतरी दिवस कान टवकारून होते, पण पेणमध्ये कुजबुजसुद्धा उठली नाही. दुखणं मात्र पसरत गेलं. सासूबाईंना अंथरुणातून उठवेना, तेव्हाही मी उशाशी बसून तेच सांगत होते, "आई, कोणालाच ठाऊक नाही हो. आता तरी घरी चला."

"त्याला ठाऊक हाय ना," त्या म्हणाल्या.

त्या रोह्यातच गेल्या.